पालमला न्यायचं विमान

फिटर गेले तेव्हा त्यांच्या खोलीत प्लॅस्टिकच्या विमानांचे नुसते तुकडे सापडले, एवढा हुशार माणूस पण खेळण्यात जन्म घालवला, असं सोनपेठेत अजून सांगतात. सांगणाऱ्यांत माझे जुने सहकारीही आहेत. तुकडे सापडले हे खरं आहे. पण एक विमान पूर्ण झालं होतं आणि ते खेळणं नव्हतं. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ते पूर्ण झाल्याची सही माझी आहे. सह्यांच्या बाबतीत माझा लौकिक काही फार चांगला नाही, हेही इथंच कबूल करून टाकतो.

ते आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. मी भूगोल शिकवायचो. तोंडावर सगळे त्यांना मामा म्हणत, आणि माघारी फिटर. तरुणपणी ते गावापासून फार लांब, एका विमानाच्या कारखान्यात फिटर होते. तिथली भरभक्कम नोकरी सोडून हा माणूस इथं परीक्षानळ्या धुवायला का आला, हे कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "जमलं न्हाई." एवढंच. लग्न केलं नाही. वालूरला एक बहीण होती, ती वर्षातून एकदा येऊन कुरडया ठेवून जायची आणि जाताना माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायची, जणू काही मी त्यांना बिघडवलं होतं.

त्यांची एक सवय आम्हा सगळ्यांना वात आणायची. संध्याकाळी रसायनांच्या कपाटाला कुलूप लावलं की ते व्हरांड्यात येऊन उभे राहत आणि जो शिक्षक दिसेल त्याला हाक मारत, "सर, वढून बगा." कुलूप त्यांनीच लावलेलं, किल्ली त्यांच्याच हातात, तरी दुसऱ्या माणसानं ते ओढून बघितल्याशिवाय ते घरी जात नसत. आम्ही घाईत असायचो. लांबूनच म्हणायचो, लागलंय मामा, दिसतंय की. मग ते तिथंच उभे राहत. शेवटी कुणीतरी चरफडत परत फिरायचं, कुलूप ओढायचं आणि मनात एक शिवी हासडायचं. बरेचदा ते कुणीतरी मीच असायचो, म्हणून आमची ओळख वाढली.

दुसरी सवय म्हणजे "हे ते न्हाई." ज्या विमानावर त्यांनी काम केलं, तसली विमानं पुढं पुष्कळ झाली. त्यांची चित्रं कॅलेंडरवर यायची, मोबाइलवर व्हिडिओ फिरायचे. कुणी कौतुकानं दाखवायला गेलं की फिटर चष्मा वर करून बघत आणि म्हणत, "हे ते न्हाई." त्यांचं विमान म्हणजे पहिलं. बाकीची निघण्याआधी एकच करतात, हातानं ठोकून, नमुना म्हणून, ते. नंतरच्या विमानांचं नाक लांब झालं, शेपटी उंच झाली, पोटाला बंदुका आल्या. पहिल्याला यातलं काहीच नव्हतं.

अशा विमानांचे लहान संच विकत मिळतात, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. खोक्यात राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि चौकटींना विमानाचे शेकडो भाग चिकटलेले असतात. कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. झालं वीतभर विमान. पण जगात कुठल्याही कंपनीला पहिल्या विमानाचा संच काढावासा वाटला नव्हता. मिळायचा तो नंतरच्याच विमानाचा. फिटर तो मागवत आणि त्याला मागं नेत. दाढीच्या ब्लेडची करवत करून नाक कापायचं, मधला एक काप काढून टाकायचा आणि पुन्हा जोडायचं. बंदुकांची भोकं पुट्टीनं बुजवायची आणि पाणी लावून पॉलिश पेपरनं इतकी घासायची की नखाला सांधा लागू नये. नाकाच्या टोकाला वाऱ्याचा वेग मोजणारी लांब नळी असायची, तिच्यासाठी इंजेक्शनची सुई. वैमानिकाच्या डोक्यावरची काच नंतर बदलली होती, म्हणून पाण्याच्या बाटलीचा तुकडा निरांजनावर गरम करून लाकडाच्या ठोकळ्यावर ओढायचा. शंभरात एखादी काच नीट निघायची. बाकीच्या ते डब्यात टाकायचे आणि तो डबा भरला की नवा घ्यायचे.

पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा मी विचारलं, मामा, हे कशासाठी? प्रदर्शनात ठेवायचं का? ते घासता घासता म्हणाले, "पालमला न्यायचंय. एका बाईला दाखवायचंय." पालम म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्याचं गाव, पण कुठल्या बाईला, हे त्यांनी सांगितलं नाही. थोड्या वेळानं आपणच म्हणाले, "ते केल्याबिगर मला मरता येणार न्हाई, सर." हे वाक्य त्यांनी, उद्या दळण आणायचंय अशा थाटात म्हटलं होतं.

मी अर्थातच ते शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. मग काय विचारता. पालमची बाई हा विषय आम्हाला दोन वर्षं पुरला. कुणी म्हणालं जुनं प्रेम असेल, कुणी म्हणालं विमानात बसवून पळवणार आहेत. त्यात मीच पुढं होतो. आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

रविवारी बाजार करून मी त्यांच्याकडे डोकवायचो. चहा व्हायचा आणि मग ते एक जाड वही पुढं सरकवायचे. वहीत आठवडाभराचं काम एकेका ओळीत लिहिलेलं असे. पुढं दोन रकाने. एकावर "केलं", दुसऱ्यावर "पाहिलं". केलंच्या खाली त्यांची सही. पाहिलंच्या खाली दुसऱ्या माणसाची लागायची. कारखान्यात तसाच नियम होता म्हणे. एकानं करायचं, दुसऱ्यानं डोळ्यांनी बघायचं, आणि दोन्ही सह्या झाल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावायचा नाही. खोलीत दुसरा माणूस मी. आणि मी पडलो मास्तर. आम्हा शिक्षकांना रोज इतक्या कागदांवर सह्या कराव्या लागतात की हजेरीपासून खिचडीच्या तांदळापर्यंत कशावर सही केली हे आम्हाला घरी जाईपर्यंत आठवत नाही. पहिले काही रविवार मी भिंगातून बघितलं. मग चहा पिता पिता सह्या करू लागलो. दहा ओळी असल्या तर दहा सह्या, बोलणं न थांबवता.

संचातून केलेलं पहिलं विमान तीन वर्षांनी होत आलं होतं. मला तर ते झालेलंच दिसत होतं. एका रविवारी गेलो तर त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेले. काचेच्या चौकटीत एक पट्टी जास्त पडली होती म्हणे. दुसरं मोडलं ते रंगापायी. खऱ्या विमानाच्या उघड्या पत्र्यावर जिथं जिथं पिवळट हिरवा रंग लावलेला असायचा त्यातला एक ठिपका पंखाच्या चुकीच्या बाजूला गेला होता. मी वैतागलो. म्हटलं, मामा, पालमच्या त्या बाईला हे ठिपके मोजता येणार आहेत का? ते म्हणाले, "खोट्या विमानावर खरं कसं सांगू?" मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. तोवर ते निवृत्त झाले होते आणि दिवसभर एकटेच असायचे, तेव्हा तसं वाटणं साहजिक होतं.

तिसऱ्या विमानाच्या वेळी ते घडलं. त्या दिवशी माझी बदलीची काहीतरी भानगड चालू होती आणि मी तावातावानं मुख्याध्यापकांबद्दल बोलत होतो. वही पुढं आली. मी सह्या केल्या. शेवटच्या ओळीवर सही होताच फिटरांनी वही ओढून घेतली आणि मला विचारलं, काय पाहिलं? मी म्हटलं, सगळं. ते म्हणाले, शेवटची ओळ वाचा. लिहिलं होतं, "तिन्ही चाकांच्या पिना बसवल्या." त्यांनी विमान उलटं करून माझ्यासमोर धरलं. मागच्या दोन चाकांना केसाएवढ्या पिना होत्या आणि त्यांना लाल रेशमाचे धागे. पुढच्या, नाकाच्या चाकाला काही नव्हतं.

ते रागावले असते तर मी हसून वेळ मारून नेली असती. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी विमान खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "जावा तुमी आता." मी उठलो. मलाही राग आला होता. वीतभर प्लॅस्टिकच्या खेळण्यापायी मला, पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला, पोरासारखं पकडलं होतं.

दीड महिना मी तिकडे फिरकलो नाही. मग कळलं की त्यांना परभणीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितलाय, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही फार दिवस टिकणार नाही. मी दुपारीच गेलो. ते दारात बसले होते. मला बघून त्यांनी सतरंजी सरकवली आणि कुठलीही प्रस्तावना न करता बोलायला लागले. त्या दिवशी ते जे बोलले ते असं.

कारखान्यात त्यांच्याबरोबर पालमचा एक जण होता. दोघांनी परभणीला आयटीआय एकत्र केलेलं, भरतीला एकत्र गेलेले. एवढ्या मोठ्या शेडमध्ये मराठी बोलणारे दोघंच, म्हणून जेवणाचा डबाही एक. विमान जमिनीवर असलं की प्रत्येक चाकाच्या दांड्यात एक पिन घालतात, म्हणजे चुकून कळ दाबली गेली तरी चाक मिटून विमान खाली बसत नाही. त्या दिवशी वर वैमानिकाच्या जागेवर बसून एक जण चाकांची कळ तपासणार होता आणि पालमवाला नाकाखाली बसून चाकाकडे बघणार होता. पिना घालायचं काम त्याचं, बघायचं काम फिटरांचं. तीनपैकी एक पिन जराशी वाकली होती. फिटर म्हणाले, ही मी सरळ करून बसवतो, तू सही करून टाक. दोस्तानं दोस्तावर विसंबून "केलं"खाली सही केली. फिटरांनी पिन ठोकून सरळ केली, खिशात टाकली, तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन आले ते थेट वहीशी आणि "पाहिलं"खाली सही केली.

"नाक खाली आलं," फिटर म्हणाले. "आवाज बी झाला न्हाई त्याचा."

ते पुढं म्हणाले, "संध्याकाळी हात धुताना पिन खिशात लागली. दुसऱ्या दिवशी सायबांनी इच्यारलं, तिन्ही पिना डोळ्यांनी पाह्यल्या का. मी म्हनलं, पाह्यल्या."

मग चौकशीचा कागद सरळच झाला. करणाऱ्यानं बसवल्या, बघणाऱ्यानं बघितल्या, तरी एक जागेवर नाही, म्हणजे खाली बसलेल्या माणसानं ती आपल्याच हातानं काढली असणार. तसं पत्र पालमला गेलं. तेराव्याच्या दिवशी मोठ्या भावानं ते भरल्या अंगणात वाचून दाखवलं. बायकोच्या मांडीवर पाच महिन्यांचं लेकरू होतं. फिटर तेव्हा त्या अंगणातच बसले होते, कारखान्यातर्फे. वाचून झाल्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी मान खाली घातली.

"मला वाटलं, एक दिवस जाऊन सांगू," ते म्हणाले. "पन तिला चाक, पिन, कळ काय ठाऊक असनार? दाखवायला तर पायजे. म्हनून हे करायलाव." मग म्हणाले, "हे बी खोटंच हाय म्हना. हुत आलं की काहीतरी चुकलेलं दिसतंय, आन मोडलं की बरं वाटतंय."

मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर किळसही आली. एका बाईला चाळीस वर्षं हे सोसायला लावून हा माणूस शेजारच्या तालुक्यात बसून ठिपके घासत होता. मी तसं तोंडावर बोललो. ते म्हणाले, "व्हय."

त्यानंतरचे चार महिने मी रोज गेलो. नजर इतकी कमी झाली होती की पिनेला धागा मी बांधला. या वेळी प्रत्येक गोष्ट भिंगाखाली धरून बघितली, कामगाराला छळणाऱ्या मुकादमासारखी बघितली. शेवटची ओळ वाचली, तिन्ही चाकांना बोट लावलं आणि मगच सही केली. फिटरांनी विमान हातात घेऊन फिरवलं. शेपटीपाशी काहीतरी राहिलंय असं ते म्हणू लागले तेव्हा मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, कापसात गुंडाळून बुटांच्या खोक्यात घातलं आणि म्हटलं, उद्या सकाळची गंगाखेड गाडी.

गंगाखेडला गाडी बदलून आम्ही पालमला उतरलो तेव्हा उन्हं चांगलीच चढली होती. वाटेत त्यांनी खोकं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. घर त्यांना बरोबर आठवत होतं. बाई अंगणात तुरी निवडत बसली होती. साठी ओलांडलेली, काटक, कपाळ मोकळं. त्यांनी नाव सांगताच तिनं ओळखलं. "या भाऊजी," म्हणाली, "लय दिवसांनी." सुनेला पाणी आणायला सांगितलं. माझी ओळख करून दिली तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवली.

फिटरांनी पाणी प्यायलं नाही. खोकं उघडलं, कापूस बाजूला केला, विमान काढून तळहातावर धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट नाकाच्या चाकाकडे नेलं. म्हणाले, "वैनी, हे बगा. हे पुढचं चाक. ह्याच्यात एक पिन असती, ती असली म्हंजे..."

"बैलगाडीच्या चाकाला खीळ असती तशीच ना?" बाई म्हणाली.

फिटरांनी बोट मागं घेतलं. मग म्हणाले, "तशीच."

"मग समजलं. ठिवा ते बाजूला. काय सांगायचंय ते सांगा."

अकरा वर्षं ज्याच्यात गेली ते विमान तिनं हातातही घेतलं नाही. फिटरांनी ते सतरंजीवर ठेवलं आणि सांगितलं. मला जे सांगितलं होतं तेच, त्याच क्रमानं, काही न गाळता. पिन खिशात होती इथपर्यंत आल्यावर थांबतील असं मला वाटलं, पण थांबले नाहीत. साहेबाला खोटं सांगितलं तेही सांगितलं. पत्र वाचलं तेव्हा मान खाली घातली तेही.

बाईच्या हातातलं सूप कधीच थांबलं होतं. ती म्हणाली, "मंग त्याईनं काढली न्हवती?"

"न्हाई."

"आपल्या हातानं मेला म्हनत आले समदे. मी बी लेकराला हेच सांगून वाढवलं. बापावानी आगाऊपना करू नगंस म्हनून."

त्यानंतर तिनं त्यांना भाऊजी म्हटलं नाही. ती उठली तेव्हा मला वाटलं आता आम्हाला घराबाहेर काढणार, आणि ते योग्यच होतं. पण ती दारापर्यंत गेली आणि सुनेला म्हणाली, दुकानातून त्याला बोलाव, मोटारी राहू दे म्हणावं.

मुलगा आला. विद्युत मोटारी दुरुस्त करतो, हाताला तेल लागलेलं. चाळिशी उलटलेला, टक्कल पडत चाललेला माणूस. आईनं त्याला खाली बसवलं आणि फिटरांना म्हणाली, "ह्याला सांगा. पयल्यापासून."

फिटरांनी पहिल्यापासून सांगितलं. झाल्यावर मुलानं हात पँटला पुसले, पुन्हा पुसले, आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, झालं. फिटरांचे ओठ कोरडे पडले होते. मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. पण बाई शेजारच्या घरात गेली होती. ती परत आली ते दिराचा हात धरून. ज्यानं ते पत्र वाचलं होतं तोच भाऊ. आता थकलेला, काठीवर वाकलेला. शेजारच्या दोन बायकाही मागून आल्या. तिनं त्याला ओट्यावर बसवलं.

"ह्यांना सांगा," ती म्हणाली. "ऐकू येत न्हाई. मोठ्यानं सांगावं लागतंय."

फिटरांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, कारण यात मी काही मदत करावी असं मला वाटत नव्हतं. ते उठून उभे राहिले, म्हाताऱ्याच्या कानाजवळ गेले आणि बोलू लागले. म्हाताऱ्यानं मान हलवली, काही कळलं नाही. त्यांनी आवाज चढवला. पिन म्हटलेलं त्याला कळेना. मग ते ओरडले, "खीळ माझ्यापाशी व्हती. त्यानं काढली न्हाई. मी खोटं बोललो."

"कुनी काढली न्हाई?" म्हातारा म्हणाला.

"तुमच्या भावानं."

म्हाताऱ्याची काठी हातातून सुटली, ती कुणी उचलली नाही. समोरच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली होती. बाईनं एकदा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, पदर सारखा केला आणि अंगणाच्या दरवाजाची दोन्ही कवाडं पूर्ण उघडी केली.

"आता हितं येऊन सांगा," ती म्हणाली, "पयल्यापासून."

फिटर चाचपडत उंबऱ्यापाशी गेले, चौकट धरून उभे राहिले आणि पुन्हा सांगायला लागले.